रूपनगरची राजकन्या आणि तिची बहीण

मागच्या महिन्यात माळा आवरायला काढला. आता या वयात शिडीवर चढू नकोस असे घरच्यांनी बजावले आहे, म्हणून मी खाली खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते आणि भाचेसून वरून एकेक गठ्ठा देत होती. त्या गठ्ठ्यांत मावशीचे एक पुस्तक निघाले. हरिभाऊ आपट्यांची 'रूपनगरची राजकन्या'. पुठ्ठा गेलेला, पहिली आठदहा पाने सुटी झालेली, आणि कडांना कसरीने खाल्लेली नक्षी. आवराआवर तिथेच थांबली हे सांगायला नकोच.

हरिभाऊ म्हटले की आजही लोकांना दोनच पुस्तके आठवतात, 'पण लक्षात कोण घेतो?' आणि 'उषःकाल'. पण हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' नावाचे साप्ताहिक काढले आणि त्यातून वर्षानुवर्षे क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. सामाजिक कादंबरीला 'आजकालच्या गोष्टी' म्हणायचे आणि बाजूला एक ऐतिहासिक चालूच. 'रूपनगरची राजकन्या' ही त्यांतलीच, १९०० ते १९०२ च्या सुमाराची. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात त्याआधी तीस वर्षे, १८७१ साली, गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने झाली होती. पण ऐतिहासिक कादंबरी घराघरांत नेली ती हरिभाऊंनी. आमच्या आजोळी ती दिवाणखान्यात नव्हती, माजघरात होती. म्हणजे बायकांच्या ताब्यात.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती मुळात थोडकीच आहे. राजस्थानात किशनगडच्या उत्तरेला रूपनगर. तिथल्या राठोड घराण्यातल्या मुलीला दिल्लीच्या बादशहाकडून, म्हणजे औरंगजेबाकडून, मागणी येते. मागणी कसली, हुकूमच. मुलगी म्हणते, मी जाणार नाही. ती मेवाडच्या राणा राजसिंहाला पत्र लिहिते, पत्र घेऊन कुळाचा पुरोहित जातो, आणि राणा येऊन तिला घेऊन जातो. संपली गोष्ट.

आता आपल्याकडच्या कोणत्याही बाईला ही गोष्ट ऐकताच दुसरी आठवणार, रुक्मिणीची. तिथेही भावाने दुसरीकडे ठरवलेले लग्न, तिथेही मुलीने स्वतः लिहिलेले पत्र, आणि ते घेऊन जाणारा ब्राह्मण. एकनाथांनी १५७१ साली 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले आणि लग्न जमावे म्हणून मुलींनी त्याचे पारायण करायची रीत पडली. मला नेहमी गंमत वाटते. ज्या घरांत मुलीला नवरा दाखवायचीसुद्धा पद्धत नव्हती, त्याच घरांत तिच्याकडून कोणाची पोथी वाचून घेत? घरच्यांचे न ऐकता स्वतःचे लग्न स्वतः जमवून पळून गेलेल्या मुलीची! पोथीतली गोष्ट घरात खरी होणार नाही याची वडीलधाऱ्यांना केवढी खात्री असेल पाहा.

रूपनगरच्या या कथेला सगळ्या हिंदुस्थानभर नेले ते एका इंग्रजाने. कर्नल जेम्स टॉड १८१८ पासून १८२२ पर्यंत मेवाडात कंपनीचा पोलिटिकल एजंट होता. भाट-चारणांच्या बखरी, वंशावळी, गाणी, सगळे त्याने गोळा केले. त्याच्या राजस्थानच्या इतिहासाचे दोन खंड १८२९ आणि १८३२ साली निघाले. त्यात ही हकीकत आहे. बादशहाने मुलीला आणायला दोन हजार घोडेस्वार पाठवले, राण्याने अरवलीच्या पायथ्याशी येऊन त्यांना कापून काढले आणि तिला राजधानीत नेले. टॉड राजपुतांच्या प्रेमात पडलेला माणूस होता, त्यामुळे त्याच्या पुस्तकात इतिहास कुठे संपतो आणि भाटाचे कवन कुठे सुरू होते ते कळत नाही. पण कादंबरीकारांना आणखी काय हवे?

बंगालीत बंकिमचंद्रांनी हीच कथा घेऊन 'राजसिंह' लिहिली. १८८२ साली ती छोटेखानी पुस्तक म्हणून आली आणि १८९३ मध्ये त्यांनी ती पुष्कळ वाढवून पुन्हा काढली. आपल्या सर्व कादंबऱ्यांत हीच एक खरी ऐतिहासिक, असे ते स्वतः म्हणत. तिची सुरुवात मोठी बहारीची आहे. एक म्हातारी तसबिरी विकायला रूपनगरच्या जनानखान्यात येते. बादशहांच्या, राजांच्या तसबिरी. मुली हसतात, खिदळतात. राजकन्या चंचलकुमारी औरंगजेबाची तसबीर विकत घेते आणि पायाखाली तुडवून तिचे तुकडे करते. पुढच्या सगळ्या रामायणाचे मूळ त्या एका लाथेत. बंकिमबाबूंनी इतिहासाशी खेळही बराच केला. मुलगी राठोडाची होती, तिचा बाप त्यांनी सोळंकी केला. राणा त्यांनी चांगला पोक्त वयाचा रंगवला आणि लग्न लांबवत लांबवत युद्धाच्या शेवटाला नेले.

आता खरे काय घडले ते पाहू. मी शाळेत तीसहून अधिक वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, तरी हा भाग मला निवृत्तीनंतरच नीट कळला, हे कबूल करते. नोकरीत असताना पोर्शन पूर्ण करण्यापलीकडे आम्ही काय वाचत होतो?

मुलीचे नाव चारुमती. बाप राजा रूपसिंह राठोड. रूपनगर हे नाव त्याच्यावरूनच पडले. शाहजहानच्या मुलांत तख्तासाठी भांडण लागले तेव्हा रूपसिंह दारा शुकोहच्या बाजूने होता. २९ मे १६५८ रोजी आग्र्याजवळ सामूगढला लढाई झाली. त्या लढाईत हा रूपसिंह घोड्यावरून उडी मारून, नंगी तलवार घेऊन, औरंगजेबाच्या हत्तीपर्यंत धावत गेला आणि हौद्याचे पट्टे कापू लागला. औरंगजेबालाही त्याच्या धाडसाचे कौतुक वाटले. याला मारू नका, जिवंत धरा, असे तो म्हणाला म्हणतात. पण तोवर सैनिकांनी रूपसिंहाचे तुकडे केले होते.

म्हणजे बघा, १६५८ नंतर त्या घराची अवस्था काय होती. कर्ता पुरुष गेला, तोही हरलेल्या बाजूने लढताना. गादीवर बसवलेला मानसिंह अगदी लहान मूल. आणि ज्याच्या हत्तीचे पट्टे बापाने कापायला घेतले होते, तोच आता हिंदुस्थानचा बादशहा. अशा घरातली वयात आलेली मुलगी मागितली गेली. नाही म्हणायची कोणाची छाती होती? भावाच्या राज्याचे अस्तित्वच त्या एका होकारावर. कादंबऱ्यांत नेहमी औरंगजेबाचा मोह आणि मुलीचा अभिमान एवढेच दोन रंग असतात. त्या घरातली भीती कोणी रंगवलेली मला आढळली नाही. मला तर चारुमतीच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की घाम फुटतो.

लग्न झाले ते १६६० साली. आपल्या हिशेबाने सांगायचे तर पन्हाळ्याचा वेढा आणि पावनखिंड ज्या वर्षी झाली, त्याच वर्षी. राजसिंह तेव्हा फक्त एकतीस वर्षांचा होता, बंकिमबाबूंसारखा पोक्त नव्हे. आणि याचा पुरावा भाटांच्या गाण्यात नाही, दगडात आहे. राजसिंहाने कांकरोलीजवळ राजसमंद नावाचा प्रचंड तलाव बांधला. १६६२ ते १६७६ एवढी वर्षे काम चालले. त्याच्या नौचौकी घाटावर काळ्या दगडाच्या पंचवीस शिळांवर 'राजप्रशस्ति' हे संस्कृत महाकाव्य कोरलेले आहे. कवी रणछोड भट्ट. त्यात सरळ लिहिले आहे की विक्रम संवत १७१७ मध्ये राणा मोठी सेना घेऊन कृष्णगडास गेला आणि दिल्लीपतीसाठी राखून ठेवलेल्या, राठोड रूपसिंहाच्या मुलीचे त्याने पाणिग्रहण केले.

'दिल्लीपतीसाठी राखून ठेवलेली'. या शब्दांवर मी बराच वेळ थांबले होते. मुलगी राखून ठेवतात, जशी आपण हापूसची पेटी पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. आणि गंमत म्हणजे त्या शिळेवर पत्राचा उल्लेख नाही. पुरोहित नाही, दोन हजार घोडेस्वार नाहीत, तिचा नकार नाही. राणा गेला, लग्न केले, परत आला. पराक्रम राण्याचा. तिने काही केले असेल, तर ते शिळेवर कोरण्याजोगे राजकवीला वाटले नाही.

मग पत्र खोटे का? इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल, पुरावा नाही तर बोलू नका. मी मात्र थोडी वेगळी विचार करते. किशनगड काही उदयपूरच्या वाटेवर नाही. बादशहाने मागितलेली मुलगी, नुकताच तख्तावर बसलेला, भावांना मारून आलेला बादशहा, आणि राणा एके दिवशी उठून सैन्य घेऊन जातो, हे कोणी काही कळवल्याशिवाय कसे होईल? कळवणारी ती असेल, तिची आई असेल, घरचा कोणी वडीलधारा असेल. टॉडच्या भाटांनी ते पत्र तिच्या हातात दिले. मला ते पटते. कारण गाणी म्हणणारे पुरुष उगाच एखाद्या बाईला श्रेय देतील, असा माझा अनुभव नाही!

टॉडने ही घटना १६७९ च्या मोठ्या युद्धाच्या तोंडाशी आणून ठेवली आहे, जणू चारुमतीमुळेच ते युद्ध पेटले. तसे नाही. लग्नात आणि युद्धात एकोणीस वर्षांचे अंतर आहे. त्या वर्षी औरंगजेबाने जिझिया पुन्हा बसवला, मारवाडच्या गादीचा तंटा उभा राहिला, आणि राजसिंह राठोडांच्या बाजूने उतरला. लग्नाची शिक्षा राण्याला आधीच मिळाली होती. गयासपूर आणि बसाड हे परगणे काढून घेऊन देवळियाच्या रावताला दिले गेले. म्हणजे बादशहाने सूड घेतला, पण तो हिशेबी सूड होता, दोन परगण्यांचा. कादंबरीला असला सूड चालत नाही, तिला रक्त लागते. म्हणून मेवाडात याच लग्नाला जोडून सलूंबरच्या हाडी राणीची दंतकथाही सांगतात. नव्याने लग्न झालेला नवरा राण्यासाठी लढायला निघाला, पण मन मागे घुटमळते आहे म्हणून त्याने तिच्याकडे आठवणीची वस्तू मागितली, तर तिने स्वतःचे मस्तक कापून पाठवले. एका मुलीला मनासारखा नवरा मिळावा म्हणून दुसरीने डोके द्यायचे. ही कथा मी वर्गात कधीच सांगितली नाही. मुली टाळ्या वाजवतील अशी भीती वाटायची.

हरिभाऊंकडे वळते. मला एका गोष्टीचे फार नवल वाटते. 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू आठवा. हुशार, वाचणारी, नवऱ्याच्या संगतीत फुललेली. नवरा जातो आणि शंकरमामंजी तिचे केशवपन करवतात. तिचा 'नको' कोणी ऐकत नाही. १८९० च्या पुण्या-मुंबईतल्या मुलीला हरिभाऊ सुटका देऊ शकले नाहीत, कारण ते खरे लिहिणारे लेखक होते आणि खरे तसेच होते. त्याच माणसाने दहा वर्षांनी रूपनगरच्या राजकन्येची कथा हातात घेतली. एखाद्या मुलीने नाही म्हणावे, तिच्या मनातल्या माणसापर्यंत तिचा शब्द पोहोचावा आणि तो खरोखरच यावा, हे लिहायला त्यांना अडीचशे वर्षे मागे आणि पार राजपुतान्यात जावे लागले. ऐतिहासिक कादंबरीला 'पळवाट' म्हणून नाक मुरडणारे समीक्षक आम्हाला बी.ए.ला होते. असेल पळवाट. पण ज्याला दार नाही त्याने काय करावे?

माझ्या मावशीला विचारा. म्हणजे आता विचारता येणार नाही, ती जाऊनही बरीच वर्षे झाली.

मावशी एकोणीस वर्षांची असताना, १९४३ साली, आजोबांनी तिचे एका ठिकाणी ठरवले. बिजवर, बत्तिशीचा, पदरात एक मुलगा. माणूस चांगला, नोकरी पक्की, हुंडा नको. आजोबांना चार मुली होत्या, त्यांच्या बाजूनेही बघायला हवे. मावशीने पुण्याच्या मामांना पत्र लिहिले. पाकीट घ्यायला पैसे नव्हते म्हणून साधे पोस्टकार्ड! अख्ख्या गावाला पोस्टमनने ते वाचून दाखवले असणार. पण मामा आले. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी मावशी मामांबरोबर पुण्याला गेली. शिकली, मास्तरीण झाली, आणि चौतिसाव्या वर्षी आपल्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी तिने लग्न केले. काका चित्रकला शिकवत. दोघे रोज संध्याकाळी पर्वतीवर जात आणि येताना शेंगदाणे खात येत, एवढीच त्यांची चैन. मी इतके सुखी जोडपे दुसरे पाहिले नाही.

सुट्टीत मावशीकडे गेले की ती मला ही कादंबरी वाचून दाखवायची. पत्राचा भाग आला की हळूच म्हणायची, "अगं, तिच्याकडे निदान पुरोहित तरी होता. मला पोस्टमनवर भागवावं लागलं."

आजोबांनी मात्र तिकडे शब्द दिलेला होता. दिलेला शब्द मोडायचा नाही हा त्या घरचा बाणा. मग मावशीच्या पाठची बहीण त्या ठिकाणी दिली. सोळा वर्षांची होती. ती माझी आई.

वडील चांगले होते, हे मी मुलगी म्हणून नव्हे तर शांतपणे विचार करून सांगते. त्यांनी आईला कधी अरे-तुरे केले नाही, आणि आईने माझ्या थोरल्या दादाला कधी सावत्रपणाने वागवले नाही. आई दुःखी होती असे मी म्हणणार नाही. पण मावशी घरी आली आणि जेवणानंतर रूपनगरच्या गोष्टी निघाल्या की आई उठून भांड्यांकडे जायची. तिला वाचनाची आवड नाही, असे आम्ही सगळे समजत होतो.

निवृत्तीनंतर मी औरंगजेबाच्या काळाबद्दल वाचू लागले. ग्रंथालयात एका जाडजूड खंडात तारीखवार घडामोडी होत्या. एका ओळीवर नजर अडली. १६६१ च्या अखेरीस शाहजादा मुअज्जम याचे लग्न झाले, मुलगी रूपसिंह राठोडाची.

मी ती ओळ दोनतीनदा वाचली. चारुमती उदयपूरला गेली त्याला दीड वर्षही झाले नव्हते. बादशहाने आपला हट्ट सोडला, पण मागणी सोडली नव्हती. स्वतःऐवजी मुलासाठी घेतली. आणि किशनगडाने दिली. लहानग्या मानसिंहाचे राज्य वाचले, आणि पुढे तो चाळीसहून अधिक वर्षे गादीवर होता. त्याच घराण्यात पुढे सावंतसिंह झाला, त्याची ती बणीठणी, जिचे चित्र १९७३ साली टपाल तिकिटावर आले. ते सगळे वैभव ज्या गादीचे, ती गादी टिकली त्याला या दुसऱ्या मुलीचे जाणेही कारण होते, असे मला वाटते. तिच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही. तिने पत्र लिहिले का, कोणाला लिहिणार होती? मेवाडचा राणा एकदा येऊन गेला होता.

तिचा मुलगा अजीम-उश-शान, आणि नातू फर्रुखसियर. हे नाव आपल्याला परके नाही. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर मराठी फौज घेऊन दिल्लीला गेले आणि ज्या बादशहाला तख्तावरून ओढून आंधळा केला गेला, तोच हा. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदांचा धडा मी किती वर्षे शिकवला! खडूने फळ्यावर फर्रुखसियर लिहिताना मुले हमखास ऱ्हस्व-दीर्घ चुकायची म्हणून नाव दहादहा वेळा लिहून घ्यायची. त्याची आजी रूपनगरची, हे मला ठाऊक नव्हते.

त्या दिवशी घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. ऐंशी ओलांडली होती, पण डोळे शाबूत होते. मी तिला सांगितले, "आई, मावशीच्या त्या गोष्टीतल्या राजकन्येला एक बहीण होती. नंतर बादशहाच्या मुलाला दिली तिला."

आई म्हणाली, "असणारच की."

थोड्या वेळाने तिने विचारले, "नाव काय तिचं?"

मी वाचले त्या पानात नाव नव्हते. तसे तिला सांगितले. तिने सुपातला एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "तुझी मावशी मला दर भाऊबीजेला पातळ पाठवायची, ठाऊक आहे ना? भाऊबीजेला. बहिणीला कोणी पाठवतं का? मी कधी विचारलं नाही का ते."

मीही विचारले नाही. आता दोघी नाहीत.

पुस्तक बायंडिंगला दिले आहे. सुटी पाने क्रमाने लावताना बायंडरने दोन उलटी लावली, ती परत करून घ्यायची आहेत. भाचेसूनेने आधी मी वाचणार म्हणून नंबर लावला आहे. ती झाली की ज्यांना हवे त्यांनी घेऊन जावे, मात्र पानांचे कोपरे दुमडू नयेत.